दोरी पुसून दे

“तापानं फणफणला म्हनं, अन् हिकडं आखाडा बाळापूरच्या बाजारात उभ्या-उभ्या भजे खाऊन राहिला. दोरी दिसली ना बाई त्याची.”

गिरणीवर माझ्या पुढे उभी असलेली बाई हे तिच्या सोबतिणीला सांगत होती. विषय बहुतेक तिच्या दिराचा होता. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्याही पुढे एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, समोर ज्वारीचा डबा. त्यांनी मागे वळून त्या बाईकडे पाहिलं. रागाने नाही. मागच्या बाकावरून आवाज आला की शिक्षक बघतात तसं. मग डबा तिथेच ठेवून ते चालू लागले.

“काय झालं ह्यांना?” सोबतीण म्हणाली.

पहिलीने जीभ चावली. “मेले बाई मी. अंबादास गुरुजी ते, पुसेगावचे. दोरी त्यांचीच तर हाय.”

मला काहीच कळलं नाही. मी हिंगोलीत वाढले, पण इंग्रजी शाळेत. घरी बोलतो ती मराठी वेगळी आणि गिरणीवरची वेगळी, हे मला तिथे उभं राहिल्यावर नेहमी जाणवायचं, आणि मग मी अजूनच गप्प व्हायचे. गिरणीवाल्याने गुरुजींचं पीठ दळून ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमच्या मागच्याच गल्लीत राहतात. नेता का?” नाही म्हणायला मला जमत नाही. म्हणून मी गरम डबा उचलून त्यांच्या घरी गेले. गुरुजींची आणि माझी ओळख अशी त्यांच्या गैरहजेरीत झाली.

दार गुरुजींच्या बायकोने, सुमनकाकूंनी उघडलं. डबा पाहून त्यांनी विचारलं, “कोनी दोरी म्हनलं का तिथं?”

मी मान हलवली.

“मग आता स्टेशनपर्यंत चालून येतील. बस तू. चहा टाकते.”

त्या चहात मला सगळी कथा मिळाली. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुण असताना, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी, हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या डोक्यात पिक्चर काढायचं आलं. देवभक्त बाईची गोष्ट, दुष्काळ, शेवटी देवीची कृपा. कॅमेरावाला बाहेरून आणला, नट-नट्या बाहेरून आणल्या आणि शूटिंग पुसेगावात केलं. चमत्कार करायचं काम मात्र गावच्याच माणसाकडे आलं, कारण गणपतीत हलते देखावे करण्यात अंबादासचा हात धरणारा कुणी नव्हता. पडद्यावर पाटी होती : चमत्कार – अंबादास गुरुजी.

चमत्कार तसे चार होते. लोकांच्या लक्षात राहिला तो एक. आटलेल्या विहिरीतून पाण्याने भरलेली घागर आपोआप वर येते आणि तहानेल्या लेकरापाशी जाऊन थांबते. घागर वर आली खरी. पण तिच्या वर एक पांढरीशुभ्र दोरी आख्ख्या पडद्यावर दिसली. हिंगोलीच्या टॉकीजमध्ये पहिल्याच खेळाला कुणीतरी ओरडलं, “दोरी दिसली!” टॉकीज हसली. पिक्चर आठवड्यात उतरला. व्यापारी परत हळदीकडे वळला. पण पुसेगावात दर जत्रेला दिवेलागणीनंतर तो ‘आपला पिक्चर’ म्हणून दाखवायची पद्धत पडली आणि घागर वर आली की सगळं गाव एका आवाजात ओरडायचं. पुढे कुणाची लबाडी उघडी पडली की त्या भागातली माणसं तेच म्हणू लागली. आपल्या चुकीची बोलीभाषेत म्हण झालेली ऐकत जगणं म्हणजे काय, हे मला कळायला वेळ लागला.

“चाळीस वर्षं घागर चढून राहिली,” काकू म्हणाल्या, “अन् आमच्या नळाला अजून पाणी न्हाई.”

तेवढ्यात गुरुजी आले. डबा पाहिला, मला पाहिलं. “कोणाची तू? काय करतेस?”

मी पुण्यातल्या एका स्टुडिओचं काम घरून करते, असं सांगितलं. सिनेमात नट उडतात, उंचावरून पडतात तेव्हा त्यांना तारांनी बांधलेलं असतं. त्या तारा मी चित्रातून पुसते.

गुरुजी माझ्यासमोर येऊन बसले. मग हळूच म्हणाले, “दोरी पुसता येते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. एका हातात पिक्चरचा पेन ड्राइव्ह, दुसऱ्या हातात नवा खोडरबर. रबर माझ्या कीबोर्डवर ठेवून म्हणाले, “घे. सामान माझं, मेहनत तुझी.” ते विनोद करत होते. पण त्यांच्या मनात काम तेवढंच होतं, हेही खरं.

गुरुजींबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट लिहायला हवी : ते कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देत नसत. समोरच्याने तोंड उघडलं की उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, “कळलं, कळलं.” आयुष्यभर वर्गात हात वर करणाऱ्या मुलांना गप्प बसवून ती सवय लागली असावी. काकू त्यावर बोलायच्या, “ह्यांना सगळं अर्धंच कळतं, पन लवकर कळतं.” माझ्यासारखीला, जिला वाक्य सुरू करायलाच धीर लागतो, त्या वर केलेल्या हाताचा किती राग यायचा हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते बोलताना बोटाने चित्र काढायचे. टेबलावरच्या धुळीत, ओल्या फरशीवर, काही नसेल तर स्वतःच्या डाव्या तळहातावर. कोणताही देखावा ते समोरून बघत नसत. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात हलता राक्षस होता. सगळी हिंगोली समोर उभी आणि गुरुजी मागे जाऊन मोटार बघतायत. एका लग्नात नवरा-नवरीला फुलांच्या कमळात बसवून क्रेनने खाली आणत होते, खालून धूर सोडला होता, सगळ्यांचे मोबाइल वर. गुरुजींनी माझा दंड धरला. “तार कुठं हाय सांग.” मी दाखवली. “बराबर. अन् वजन?” मला कळलं नाही. “अगं, दोन माणसं बसली हायत अन् कमळ हालत न्हाई. खोटं हाय. पुठ्ठ्याचं वाटून राहिलं.” कमळ खरंच लोखंडी होतं आणि त्यात दोन खरी माणसं होती. पण गुरुजींचा नियम ठरलेला : चमत्कारात वजन दिसलं पाहिजे. टीव्हीवर नवे, मोठ्या खर्चाचे सिनेमे लागले की ते दोन मिनिटं बघायचे, “ह्याच्यात वजन न्हाई” म्हणायचे आणि उठायचे. त्यात कितीदा ते चुकायचे. पण सांगणार कोण?

घागरीची गोष्टही वजनाचीच होती. ती मला गुरुजींनी तळहातावर काढून सांगितली. कॅमेरावाल्याने काळा, बारीक, मजबूत दोरा आणला होता. त्याचं म्हणणं, घागर रिकामी ठेवा. दोरा दिसणार नाही. गुरुजी अडून बसले. “रिकामी घागर वर येताना नाचते. गावातली सहा वर्षांची पोर बी सांगन की रिकामी हाय. पाण्याच्या पिक्चरमधी पाणी न्हाई, असं कसं चालन?” म्हणून घागर काठोकाठ भरली. दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. ऊन उतरायला लागलं. शेवटी विहिरीचा दोर बांधायचं ठरलं. तो जुना दोर पाण्याने आणि हातांनी काळा पडलेला होता, विहिरीच्या सावलीत दिसलाही नसता. पण शूटिंगवाले पाहुणे गावात येणार म्हणून गावाने आदल्या दिवशी विहिरीला चुना लावला होता आणि नवा, पांढरा दोर आणून बांधला होता. जुना कुणीतरी जाळून टाकलेला.

“पाहुण्यांचा मान,” गुरुजी म्हणाले. “मान केला लोकांनी अन् नाव गेलं माझं.”

“पण पाणी खरं होतं ना,” मी म्हणाले. “ते कुणाच्या—”

“कळलं, कळलं. पाणी कोन बघतं? दोरी बघतात.”

तेव्हा काकूंनी आतून सांगितलं, “अन् ओढली कोनी ते सांगा की.” घागर ओढली होती काकूंनी. नवी सून, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. भरलेली घागर न सांडता ओढायची तर बाईचाच हात पाहिजे म्हणून गुरुजींनी त्यांना कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं होतं. “मी ओढली अन् पाटीवर नाव ह्यांचं. खरा चमत्कार तर तोच.”

गुरुजी हसले नाहीत. त्यांना एवढंच हवं होतं : मी दोरी पुसायची, पुढच्या वर्षीच्या जत्रेला ते नवं रूप दाखवायचं आणि त्या दिवसापासून जुन्या प्रती सगळीकडून काढून टाकायच्या. जत्रेत पिक्चर लावायचं काम गजाननकडे होतं. त्याचं पुसेगावात मोबाइलचं दुकान आहे. गुरुजींनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं. माझ्याकडूनही घ्यायला आले. मी “हं” म्हणाले. माझं “हं” म्हणजे हो नसतं. ते फक्त बोलणं संपवण्यासाठी असतं.

आमच्या स्टुडिओत जुन्या सिनेमांना नवे चमत्कार लावायचं काम येतं. त्याबद्दल मला काय वाटतं हे तिथे कुणी विचारत नाही. एका जुन्या सिनेमातला पुठ्ठ्याचा महाल काढून आम्ही त्या जागी झळझळीत, आभाळाला भिडणारा महाल घातला. काम सुंदर झालं. पण त्यातला नट मान वर करून महाल बघतो, आणि त्याची नजर अजून जुन्या पुठ्ठ्याच्याच उंचीवर थांबते. महाल खूप वर निघून गेलाय आणि माणूस मधल्या कोऱ्या भिंतीकडे बघून डोळ्यांत पाणी आणतोय. मी ते दाखवलं होतं. सुपरवायझर म्हणाला, लोक महाल बघतील. म्हणून मी गुरुजींना सरळ नाही म्हणायला हवं होतं असं कुणाला वाटेल. पण ते स्टुडिओचे मालक नव्हते. दोरी त्यांची होती, लाज त्यांची होती. ज्याने केलं त्याला सुधारायचं असेल तर मधे बोलणारी मी कोण? आणि तरीही काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं, आणि ते काय हे मला त्या वर्षीच्या जत्रेत कळलं.

गुरुजी स्वतः जत्रेला कधी जात नसत. गेले तरी पिक्चरच्या वेळी गावाबाहेर पुलावर जाऊन बसत. तिथवर ओरडणं ऐकू येई. त्या वर्षी त्यांनी मला काकूंसोबत पाठवलं. “जा. बघून ये किती हसतात ते. म्हणजे काम नीट करशील.”

शाळेसमोरच्या मैदानात पडदा बांधला होता. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, लेकरं पुढे मातीत. पिक्चर खरं तर कंटाळवाणा होता. लोक गप्पा मारत होते, मुरमुरे खात होते. मग विहिरीचं दृश्य आलं आणि सगळं मैदान शांत झालं. घागर पाण्यातून निघाली. दोरी दिसली. आणि सगळे ओरडले.

पण ओरडताना त्यांनी जे केलं ते मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. सगळ्या बायांचे हात वर गेले. एका हाताखाली दुसरा, दुसऱ्याखाली पहिला. त्या हवेतला दोर ओढत होत्या. पडद्यावरच्या दोरीला हिसका बसला की सगळ्यांचे हात त्याच हिसक्याने खाली यायचे. मैदानभर बांगड्या एका वेळी वाजायच्या. पुरुषही ओढत होते, थोडे लाजत. घागर काठावर येईपर्यंत कुणी थांबलं नाही. काठावर आल्यावर माझ्या शेजारच्या म्हातारीने कपाळ पुसलं आणि म्हणाली, “आली माय एकदाची.”

काकूंचेही हात दमल्यासारखे मांडीवर पडले होते.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्या वर्षापासून. मला पडदा बघून राहवलं न्हाई. हात आपोआप चालले. बाजूच्या हसल्या, मग त्या बी ओढाय लागल्या.”

“गुरुजींना माहीत नाही?”

“सांगितलं होतं एकदा. म्हनले, तू माझी समजूत काढून राहिलीस. बायकोचं खरं कोनाला वाटतं?” त्या पदर सारखा करत म्हणाल्या, “तू सांगून बघ. तू शिकलेली हायस. तुझं ऐकतील.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी दारातच उभे होते.

“ओरडले ना?”

“हो, पण गुरुजी, ते ओरडतात तेव्हा—”

“कळलं.”

“नाही, ऐका ना, त्यांचे हात—”

“कळलं, कळलं. टाळ्या बी वाजवत असतील.” आणि हात वर.

मी मोबाइलवर चित्रण करून आणलं होतं. ते दाखवलं. त्यात अंधार होता, पडद्याचा चौकोन होता आणि ओरडणं स्पष्ट होतं. हात कुठेच दिसत नव्हते. मीच गुरुजींना त्यांची टवाळी जवळून ऐकवली, असं झालं. ते पाठ फिरवून आत गेले. त्यानंतर मी तीन-चारदा तरी प्रयत्न केला. गोष्ट एका वाक्याची होती. ते वाक्य मी मनात किती वेळा नीट जुळवलं असेल. आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर तो हात. काकूंना सांगायला गेले की त्या म्हणायच्या, “मग मोठ्यानं सांग ना.” जणू मोठ्याने बोलणं म्हणजे दिवा लावण्याइतकं सोपं असतं.

शेवटी मी कामाला लागले, कारण ते मला येतं.

दोरी पुसली की तिच्या जागी काहीच उरत नाही. मागे काय होतं ते आपल्याला भरावं लागतं. विहिरीचे दगड, लिंबाच्या झाडाचा बुंधा, आभाळ, हे सगळं मी आजूबाजूच्या चित्रांतून उचलून एकेक चित्र भरत गेले. रात्रपाळी नको म्हणून पहाटे उठून करायचे. गुरुजी रोज सकाळी येऊन पाठीशी उभे राहायचे. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पडद्यावर दोरी नव्हती, पण चुन्याच्या भिंतीवरून तिची सावली वर सरकत होती. मीच विसरले होते. गुरुजी ओरडले असतील असं कुणाला वाटेल. ते म्हणाले, “अगं, इची सावली बी मलाच बघून राहिली.”

सावली गेली. मग “एवढं एकच” सुरू झालं. आभाळातला कापसाचा ढग : एवढं एकच. नटाची सुटत आलेली मिशी : एवढं एकच. देवीच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा काढल्याची खूण : तीही. मी सगळं केलं. मला राग यायचा तो कामाचा नाही. ज्याने पाण्यासाठी कॅमेरावाल्याशी भांडण केलं होतं तो माणूस आता मिशीसाठी येतो, याचा यायचा.

आणि मग ते हिसके.

दोरी गेल्यावर घागर हवेत तरंगायला हवी होती. पण ती तरंगत नव्हती, टांगलेली दिसत होती. कारण ती काकूंनी हातावर हात घेत ओढली होती. थोडी वर, थांबा, थोडी वर, थांबा. प्रत्येक हिसक्याला काठावरून थोडं पाणी सांडायचं. दोरी मी पुसली होती, पण घागरीला ती माहीत होती.

“हे हिसके काढ,” गुरुजी म्हणाले. “चमत्कार हाय तो. सरळ वर जाऊ दे.”

“मग वजन जाईल, गुरुजी. तुम्हीच म्हणता—”

“कळलं.”

“नाही कळलं,” मी मनात म्हणाले. मग मी हिसके काढले. घागर एकसारख्या वेगाने, तेलातून वर यावी तशी वर आली. पाणी सांडायचं बंद झालं. त्यात पाणी आहे की नाही हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. गुरुजींनी ते एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा लावू का विचारलं तर नको म्हणाले. “बराबर हाय,” म्हणाले आणि तळहातावर बोटाने काहीतरी काढत निघून गेले. मागच्या महिन्यांत त्या दृश्यावर पन्नास सूचना देणाऱ्या माणसाने ते झाल्यावर एकदाच बघावं, यात काहीतरी होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं.

गुरुजी गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. जुना पिक्चर अजून माझ्याकडे आहे, गजाननकडेही आहे. पुसून टाका, असं नवं रूप दाखवलं त्या जत्रेनंतर ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. ठेवा, असंही नाही म्हणाले. शेवटच्या दिवसांत मी भेटायला जायचे तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसतं “बोल” म्हणायचे आणि हात चादरीवरच ठेवायचे. तेव्हा माझ्याकडे बोलण्यासारखं फारसं काही नसायचं. अशी उशिरा मोकळीक देणं, हेही त्यांचंच.

पण मला ते आठवतात ते चादरीवरचे नाही. त्या शेवटच्या जत्रेतले आठवतात.

त्या वर्षी ते पुलावर गेले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून मैदानात आले. गजाननने पुढच्या ओळीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ताठ बसले. लोक वाकून नमस्कार करत होते. “गुरुजी, पयल्यांदा आलात जनू,” कुणी म्हणालं. “आज दोरी दिसायची न्हाई,” गुरुजींनी सांगितलं. तो माणूस हसला, त्याला ते खोटं वाटलं असावं. मी त्यांच्या मागे दोन ओळींवर मातीत बसले. काकू बायांत होत्या.

विहीर आली. मैदान नेहमीसारखं गप्प झालं. घागर पाण्यातून निघाली, एकटी, गुळगुळीत, आणि सरळ वर येऊ लागली. सगळ्यांची तोंडं उघडी होती. ओरडायला काहीच नव्हतं. पुढे मातीतलं एक लेकरू म्हणालं, “आजी, दोरी कुठं गेली?”

मी मागे वळून पाहिलं. सवयीने हात वर गेले होते. पण ओढायचं कधी, थांबायचं कधी, हे सांगणारा हिसका पडद्यावर नव्हता. कुणाचा हात आधी खाली येत होता, कुणाचा नंतर. बांगड्या वेगवेगळ्या वाजत होत्या. काही जणींनी एक-दोनदा ओढून हात खाली घेतले आणि बावरून शेजारणीकडे पाहिलं. एक म्हातारी हात तसेच वर धरून बसली होती, हातातला दोर निसटल्यासारखी. फक्त काकू ओढत होत्या. पडद्याकडे त्या बघतही नव्हत्या. थोडी वर, थांबा, थोडी वर, थांबा. चाळीस वर्षांपूर्वीचं वजन त्यांच्या खांद्यात अजून होतं. आजूबाजूच्या बाया आता पडदा सोडून काकूंकडे बघायला लागल्या होत्या आणि त्यांच्या हिसक्याला आपला हिसका जुळवत होत्या.

गुरुजींची पाठ ताठ होती. पडद्याचा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. मान न वळवता ते गजाननला म्हणाले, “पाह्यलंस? गप बसले. हसून राहिले का कोनी?” त्या आवाजात जिंकल्याचा आनंद असायला हवा होता. तो होता की नाही, मला पाठीमागून कळेना. घागर काठाच्या जवळ आली होती. आणखी दोन-तीन हिसके, आणि हात खाली गेले असते, आणि पुढच्या वर्षीपासून कदाचित वर आलेच नसते.

मी उभी राहिले. बांगड्या सोडल्या तर मैदान इतकं शांत होतं की मी काहीही बोलले तरी ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं. गुरुजींनी माझी चाहूल घेतली. उजवा हात खुर्चीवरून वर यायला लागला. तो पूर्ण वर यायच्या आत मी बोलले, मोठ्याने, गिरणीवर बोलतात त्या आवाजात :

“मागं बघा, गुरुजी. ते कधीच हसत नव्हते. ओढून राहिलेत.”